चार शेगड्या, एकच बिल

१४ नोव्हेंबर, गुरुवार

शेगडी फुटली. कोणी हात लावला नव्हता.

पप्पा फर्स्ट शिफ्टला. आई बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. मी पलंगावर मोबाईल घेऊन पडलेलो. सकाळच्या चहानंतर गॅस पेटलाच नव्हता. दुपारी जेवायच्या आधी किचनमधून असा आवाज आला, जसं कोणी वाट्यांचं पोतं ओतलं.

गेलो. वरची काच नाही. नुसती लोखंडी चौकट, त्यात दोन बर्नर उभे, दुधाचं पातेलं एका बाजूला कललेलं. ओट्यावर, जमिनीवर, फ्रिजखाली काचेची खडीसाखर.

आणि ते थांबलं नाही. पडलेले तुकडे पुन्हा आपले आपण फुटत होते. तड. मग थोडं शांत. मग कोपऱ्यात कुठेतरी, तड.

आई ओली साडी हातात घेऊन दारात उभी. म्हणाली, "कोन आहे आत?"
म्हटलं, मीच आहे.
"तू नाही," म्हणाली.

(सकाळी पप्पांशी परत तेच. कॉलेज का सोडलं, दोन वर्षांची फी. मी दार आपटलं होतं. त्याचा इथे संबंध नाही. लिहून ठेवतो फक्त.)

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

कुरियरची पार्सलं टाकून घरी आलो तर काच गायब. आईने सगळे तुकडे जुन्या ओढणीत बांधून, मीठ घालून, दमणगंगेत सोडून दिले. पुलावरून. रिक्षा करून गेली त्यासाठी.

"आई, दुकानात दाखवायला लागेल ना. पुरावा आहे तो."
"बला होती. काचेवर गेली. घरातल्या माणसावर जानार होती ती. कंप्लेंट कसली करतो?"
"महिना नाही झाला शेगडीला."
"तेच सांगते तुले. नवी वस्तू उगाच फुटत नाही."

माळ्यावरची जुनी स्टीलची शेगडी उतरवून दिली. पप्पा जेवताना म्हणाले, कॉलेज सोडलं, आता वकिली सुरू. मी ताटावरून उठलो नाही. उठणार होतो.

१६ नोव्हेंबर, शनिवार

दुकान. शेठ मला ओळखतो, त्याची पार्सलं मीच आणतो. तरी तोरा तोच.

"काचनी गॅरंटी नथी आवती, भाई. बर्नर, वाल्व, पाइप, बे वरस. काच नहीं."
मी म्हटलं, बर्नरला दोन वर्षं आणि काचेला काहीच नाही? काच सोडून शेगडीत आहे काय.
"गरम बर्तन रखा होगा ऊपर."
"शेगडीवर गरम नाही तर काय गार ठेवायचं? फ्रिज आहे का तो?"
दुकानातली पोरं हसली. शेठपण हसला. मग हात पुढे केला. "बिल लावो."

बिल आमच्याकडे नाहीये.

धनत्रयोदशीला बिल्डिंगमधल्या चार बायका एकदम गेल्या होत्या. चार घेतल्या तर भाव कमी. घासाघीस सोबत गेलेल्या वरच्या सावंत सरांनी केली, शाळेत गणित शिकवतात ना, म्हणून बिल एकच, चारही शेगड्यांचं, सरांच्या नावाने. एक आमची. एक खालच्या हंसाबेनची. एक समोरच्या यादवांची, ते छठला गावी गेलेत ते अजून आले नाहीत. आणि एक सावंतांची. ती वापरायला नाही. ती मृ.च्या, त्यांच्या मुलीच्या, लग्नाची. पलंगाखाली खोक्यात आहे.

म्हणजे बिलासाठी मला मृ.च्या बापाच्या दारात जायचंय. सगळ्या सिल्वासात हेच एक दार उरलं होतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून. मृ.नेच दार उघडलं, केसांना मेंदी लावलेली, वरून प्लास्टिकची पिशवी. मला बघून आत पळाली. एवढं पण पुरतं मला. लाज वाटते लिहायला.

सर: "दीपक, लग्नघर आहे हे. त्या भानगडी नंतर."
म्हटलं, सर नुसता फोटो काढतो बिलाचा.
"माझ्या नावाने भांडण तू करणार? बिलावरच्या माझ्या सहीचं पुढे काय होईल, मला काय माहीत."
सावंत काकू आतून: "गेली ना फुटून, बरं झालं, इडा गेली तुमची. आमची आहे की धडधाकट."

"काकू, ती पण त्याच लॉटची आहे," मी म्हटलं. सरांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काहीतरी वाईट चिंतलं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी काकू पत्रिका देऊन गेल्या. ८ डिसेंबर, नाशिक. आईने पत्रिकेवरची हळद पुसू नको म्हणून सांगितलं. मी हातात धरून बसलो होतो. तिचं पूर्ण नाव एवढं मोठं छापलेलं पहिल्यांदा बघितलं. चि. सौ. कां. आणि खाली तो. इंजिनियर.

छातीत असं काही तापलं की. पत्रिका फाडणार नव्हतो. कोणाला वाटत असेल तर.

तेवढ्यात फरशीखालून आवाज आला. तोच. वाट्यांचं पोतं.

खाली गेलो तर हंसाबेन जिन्यात उभ्या, हातात लाटणं. "दीपकभाई, कोईए अडक्यु नथी. हुं तो लोट बांधती हती." कोणी हात लावला नाही, त्या नुसती कणीक मळत होत्या. शेगडी बंद. चौकट तशीच. आणि आत तड, तड.

आई माझ्यामागून आली होती. तिने काचेकडे बघितलंच नाही. माझ्या हाताकडे बघत होती. पत्रिका अजून हातातच होती माझ्या.

२० नोव्हेंबर, बुधवार

ग्राहकांसाठीची जी हेल्पलाइन असते तिथे फोन लावला. बाई नीट बोलली. 'विकलेला माल परत घेणार नाही' असं बिलावर छापलं म्हणून आपला हक्क जात नाही. वॉरंटीत काच नाही लिहिलं तरी माल मुळातच सदोष असेल तर दुकानदार आणि कंपनी दोघांना धरता येतं. बिल दुसऱ्याच्या नावावर असलं तरी त्याच्या संमतीने वापरणारा तो ग्राहकच. अनेकांचं एकच गाऱ्हाणं असेल तर मिळून तक्रार करा. आधी लेखी नोटीस, मग ग्राहक आयोग. ऑनलाइन होतं.

पण बिल हवं. आणि काच, असेल तर.

मी विचारलं, मॅडम, आपोआप फुटते का अशी? म्हणाली, टफन, म्हणजे तापवून कडक केलेल्या काचेत बनवतानाच कण राहून गेला तर महिन्यांनी पण फुटू शकते, कारण लागत नाही.

कारण लागत नाही. हे ऐकून एवढं हलकं वाटलं. का वाटलं ते लिहीत नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

भाकरीच्या पिठाच्या डब्यात एक तुकडा सापडला. डब्याला झाकण होतं. फुटली तेव्हापण होतं, आई शपथेवर सांगते.

मी तो तिच्या हातातून घेतला आणि औषधाच्या रिकाम्या बाटलीत टाकला. पुरावा. ती म्हणाली, "दीपू, ठेवू नको घरात."
"एवढासा तुकडा आहे आई."
"तुझा राग घरात फिरतो. लहान होता तेव्हापासून. तू चिडला की तुझ्या आजीच्या बांगड्या वाढायच्या."
अशी गोष्ट मला आधी कधी का सांगितली नाही? म्हणाली, आधी काही फुटलं नव्हतं ना.

२३ नोव्हेंबर, शनिवार

नाशिकवाला आला. पांढरी गाडी माझ्या स्कूटरच्या जागेवर. स्कूटर बाहेर रोडला लावली, तिथे ट्रकचं पाणी उडतं. ठीक आहे. मी काही बोललो नाही. आतल्या आत बोललो.

पार्सलं घ्यायला निघालो. दार ओढलं, आणि समोर यादवांच्या बंद दारामागे आवाज झाला.

कुलूप आहे. माणसं बिहारला. लाईटचं बटन पण बंद करून गेलेत.

मी दाराला कान लावला. तड. मग काही नाही. मग लांब, बहुतेक बेडरूमपर्यंत उडालेला, तड.

वरून मृ. उतरत होती, पाहुण्यांना दूध कमी पडलं म्हणून, पैठणीवर, हातात पातेलं. थांबली. तिने पण कान लावला. एकाच दाराला आम्ही दोघं. मध्ये एक हात अंतर. तिच्या गजऱ्याचा वास.

"आत कोणी आहे?" ती हळूच म्हणाली.
"नाही."
"मग फुटतंय काय?"
"शेगडी. तुमच्याच बिलावरची."

तिने कान काढला नाही. बराच वेळ. वरून काकूंची हाक आली तेव्हा गेली. जाताना पातेलं माझ्याच पायाशी विसरली.

खूप दिवसांनी बरं वाटलं आज. हे लिहिताना कळतंय की तिथे एक शेगडी फुटली होती.

२५ नोव्हेंबर, सोमवार

मृ.चा मेसेज. नुसता फोटो. बिल. खाली एक ओळ नाही.

सर आंघोळीला गेले असतील तेव्हा काढला असणार, कोपऱ्यात त्यांचा चष्मा आलाय. चारही शेगड्यांचे नंबर लिहिलेले आहेत, एकाखाली एक, लागून. आमचा, हंसाबेनचा, यादवांचा, तिचा. म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या.

नोटीस लिहिली. हंसाबेनने सही केली. यादव भैयाने फोनवर हो म्हटलं आणि मग म्हणाला, घर के अंदर कोई गया था क्या.

२७ नोव्हेंबर, बुधवार

शेठने नोटीस वाचली, चष्मा वर केला, चहा मागवला. "अरे भाई, कोर्टबोर्ट शुं काम. घरना माणस छो तमे." कंपनीशी बोलतो म्हणाला. फुटलेल्या तिन्हीच्या बदल्यात नव्या देणार. मी म्हटलं, काच नको, स्टीलटॉप द्या. "चालशे."

मग मी म्हटलं, चौथी पण बदला.
"चौथी फुटली?"
"नाही अजून."
"तो कंप्लेंट शानी?" त्याला खरंच कळेना. "जे फुटलं नाही ते खराब कसं बोलणार? फूटे तो आवजो."

फुटली की या. मी कपबशी खाली ठेवली. जोरात ठेवली नाही. फार सांभाळून ठेवली.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

जवळच्या अथाल गावात पार्सल. एका घराच्या कुडाला तीच चौकट टांगलेली. बिनकाचेची, दोन बर्नरची भोकं, त्यातून वालाचा वेल काढलाय. बाई म्हणाली दिवाळीतच घेतली होती, चार दिवसांत भडका झाल्यासारखी फुटली, आम्ही चुलीवरच बरे.

मला तिला मिठी मारावीशी वाटली. म्हणजे लॉटच खराब. म्हणजे मी नाही. मी या घरात कधी आलोच नव्हतो.

फोटो काढला. विचारलं, ताई, कधी फुटली नक्की?
"तू नाही का आला होता मिक्सरचं खोकं घेऊन. फाटकाशी त्या कुत्र्याच्या मालकाशी भांडला होता. तू गेला आणि…"

आलो होतो. आठवलं.

येताना स्कूटर ढकलतच आणली थोडी. पेट्रोल होतं.

१ डिसेंबर, रविवार

जिन्यात मृ.ला गाठलं. सगळं सांगितलं. नंबर, लॉट, अथाल, हेल्पलाइनची बाई. (भांडणाचं सांगितलं नाही.) ती शेगडी नेऊ नको म्हटलं. शेठ मला स्टीलची देतोय, तीच ने, तुझी मला दे.

"स्टीलची? आईच्या जमान्यातली? त्यांचं किचन बघितलंयस का? सगळं काळ्या काचेचं आहे."
"मृणाल, फुटेल ती. तू समोर उभी असशील."
ती पायरीवर बसली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मी जाऊ नये असं तुला वाटतंय. ते तू शेगडीच्या नावाने सांगतोयस."

मी 'नाही' म्हणायला गेलो.

"मग बिल का पाठवलंस?" एवढंच विचारलं.
"त्या दाराआडून आवाज ऐकला म्हणून." उठली. "आणि दीपक, रागाने नको बघूस तिकडे वर. आई म्हणते तू बघितलंस की…"

म्हणजे ही गोष्ट सगळ्या बिल्डिंगमध्ये पसरलीये.

३ डिसेंबर, मंगळवार

शेठचा टेम्पो आला. तीन खोकी. हंसाबेनने लगेच खोबरं, कुंकू, नवा लायटर. मी जिंकलो म्हणायला हवं. पप्पा म्हणाले, "जमलं की रे तुला." एवढं चांगलं ते दोन वर्षांत बोलले नव्हते.

आईने खोकं उंबऱ्यात अडवलं. "गेलेली बला बदली मागून कोनी परत घरात घेते का? तुले पाहिजे होतं, तुले मिळालं. गच्चीत ठेव."

गच्चीत टाकीच्या आडोशाला ठेवलं. वर प्लास्टिक. मृ.च्या खोक्याच्याच मापाचं आहे. कंपनी तीच, रंग तोच, कोपऱ्यात फक्त बारीक अक्षरात स्टील.

६ डिसेंबर, शुक्रवार

लग्नाचं सामान आज नाशिकला गेलं. सावंत सर स्वतः खाली आले. "दीपक, तू पार्सलवाला, तुला सवय आहे. नीट उतरवून दे टेम्पोत." त्यांना काय वाटत असेल हे मला सांगता नाही येत. कदाचित खरंच काही वाटत नसेल.

रुखवताचे डबे, गादी, कपाटाचे भाग. शेगडी मी शेवटी घेतली. छातीशी धरून. रोज शंभर खोकी उचलतो, आत काही फुटलेलं असेल तर हाताला कळतं. काही नाही. गप्प. एवढी गप्प की मीच श्वास रोखला.

दुसऱ्या मजल्यावर वळणाशी थांबलो. खाली ड्रायव्हर दोरी बांधत होता, सर त्याला सांगत होते. वर गच्ची उघडी. वर जायचं, प्लास्टिक काढायचं, ते खोकं घ्यायचं, हे ठेवायचं. कोणाला कळलं नसतं. तिथे नाशिकला उघडल्यावर कळलं असतं फक्त, आणि तिला लगेच कळलं असतं कोणी केलं. आणि ती म्हणाली असती, बघ, म्हटलं होतं ना.

खाली उतरलो. टेम्पोत ठेवलं, दोन गाद्यांच्या मध्ये. सर म्हणाले, शाब्बास.

८ डिसेंबर, रविवार

आई-पप्पा लग्नाला गेले. मी पोटात दुखतंय सांगितलं. ते खरंच दुखायला लागलं.

आज दिवसभर चिडायचं नाही असं ठरवलं होतं. मुहूर्ताच्या वेळी औषधाची बाटली समोर घेऊन बसलो. तुकडा तसाच. काही झालं नाही. आई म्हणाली लग्न छान झालं, मृणाल रडली नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

चौथ्या शेगडीची तक्रार ऑनलाइन टाकली. न फुटलेल्या मालाची. त्याच खेपेचा माल धोक्याचा आहे, दुकानदार आणि कंपनीने तो परत बोलवावा, असं लिहिलं. बिलाचा फोटो, अथालचा फोटो, शेठने तीन बदलून दिल्याची पावती. सरांची सही नाही. संमतीच्या जागी काय लिहू? 'बिल मुलीने दिले' लिहिलं.

तक्रार नोंद झाल्याचा मेसेज आला. पुढे काही नाही. पप्पांनी वाचून बघितलं, एक मात्रा सुधारली, आणि कॉलेजचं काही काढलं नाही.

मृ.ला मेसेज टाकला: ती शेगडी वापरू नको, तक्रार चालू आहे, मला दुसरं काही म्हणायचं नाहीये. दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

चिडलो नाही. बाटली उशाशी नको म्हणून शेल्फवर ठेवली.

१७ डिसेंबर, मंगळवार

दुपारी मृ.चा मेसेज. आवाजाचा. लग्नानंतरचा पहिला.

लावला. ती बोलत नाही. किचन असावं, लांब नळ चालू आहे, कोणाची तरी पावलं. आणि जवळ, अगदी फोनजवळ, तड. मग शांत. तड.

गरम बर्नर गार होताना पण असा आवाज करतो. हे मला माहीत आहे. जुनी स्टीलची पण करते. पण बर्नरचा असेल तर शेगडी अजून धड आहे, आणि काचेचा असेल तर तो नंतरचा. फुटून झाल्यावरचा. यातला कुठला ते नुसत्या ऐकण्यावरून कळत नाही. चार वेळा लावून बघितलं.

ती "ऐक, असा आवाज येतोय, आता काय करू" म्हणून पाठवत होती, की फुटल्यावर बोलता येईना म्हणून…

आई आतून आली, हाताला पीठ. शेल्फकडे बघितलं, मग फ्रिजखाली वाकून बघितलं. म्हणाली, "कुठे फुटतंय? आपल्याकडे तर आता काचेची शेगडी नाही."
मी फोन दाखवला. तिने पुन्हा एकदा ऐकलं आणि म्हणाली, "बंद कर. हे आपल्याच घरातून गेलंय."

फोन लावला. रिंग जाते. परत लावला. सावंत काकूंना लावला, त्या म्हणाल्या सकाळीच बोलले की मी, मजेत आहे, आज पहिल्यांदा स्वयंपाक करणार होती नव्या शेगडीवर, का रे?

परत लावला. रिंग जाते. कोणी उचलत नाही.

आई समोर बसलीये, माझे दोन्ही हात तिच्या पिठाच्या हातात धरून. एक सोडवून घेतलाय, हे लिहायला.

मी चिडलेलो नाही. सकाळपासून नाही. कालपण नव्हतो. आठवून बघतोय नीट.

रिंग जाते आहे.